प्रशासकाशी संपर्क साधावा

वामनरावांच्या घरच्या कॉम्प्युटरमधला 'साखरपुडा' नावाचा फोल्डर शनिवारी दुपारी, विजेची लाईन जायच्या थोडं आधी, उघडला.

तो उघडला नाही. घरात तसं सर्वानुमते ठरलेलं आहे, आणि ठराव खुद्द वामनरावांनी मांडलेला असल्यामुळे त्यावर शंका घेण्याचं कारण नाही. कचेरीत बडे बाबू असताना त्यांनी अशा कितीतरी गोष्टी घडल्याच नाहीत असं वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, आणि त्यातली एकही पुढे घडल्याचं आढळून आलं नाही. तेव्हा आता जे सांगायचं आहे ते एका न उघडलेल्या फोल्डरबद्दल आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

सुरुवात नांदुऱ्याहून झाली. वामनरावांच्या शैलजाचं लग्न तिथल्या नीळकंठशी ठरलं होतं. मुलगा हायस्कुलात मास्तर, माणसं बरी, कुणाला काही म्हणायचं नव्हतं. म्हणायचं होतं ते फक्त मुलाच्या मामाला. हे हिंमतराव सरकीचा व्यापार करत, आणि तो करायला जो आवाज लागतो तोच घरीही वापरत. साखरपुडा होऊन महिना उलटला आणि त्यांचा फोन आला.

"इवाई," हिंमतराव आपल्या व्याह्यांना म्हणाले, "कार्यक्रम चांगला झाला. जेवन चांगलं होतं. वरनात मीठ बराबर होतं. फक्त मले टोपी-दुपट्टा भेटला नाही."

आता ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. कार्यात मानाच्या माणसाच्या डोक्यावर टोपी ठेवायची, खांद्यावर दुपट्टा टाकायचा, हातात नारळ द्यायचा. ती टोपी नंतर कुणी घालत नाही. दुपट्टाही कुणी घेत नाही. दोन्ही घडी घालून ठेवतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकतात. मिळालेली टोपी माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो. न मिळालेली मात्र तो जन्मभर डोक्यावर घेऊन हिंडतो.

"मामासाहेब, मी स्वतःच्या हातानं तुमच्या डोक्यावर टोपी ठेवली," वामनराव म्हणाले.

"माहं डोकं त्या दिवशी माह्यापाशीच होतं, इवाई. त्याले काही मालूम नाही."

"फोटो आहे."

पलीकडे सरकीचा आवाज एकदम खाली आला. मग हिंमतराव म्हणाले, "असं म्हनता? मंग दाखवा. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतो. फोटोत माह्या डोक्यावर टोपी दिसली, तर लग्नात भाच्याच्या पाठीमागं उभा राहीन. नाही दिसली, तर तुमी दुसरा मामा पाहा."

नीळकंठला दुसरा मामा नव्हता. आणि मामा रुसून घरी बसला तर मुलाची आई भावासाठी डोळ्याला पदर लावणार, आणि आईने पदर लावला की मास्तर असला तरी मुलगा तो मुलगाच. शैलजा दाराशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "बाबा, फोटो आहे ना नक्की?"

"पुरावा अभिलेखात आहे," वामनराव म्हणाले आणि रुबाबात कॉम्प्युटर सुरू करायला गेले.

कॉम्प्युटरविषयी वामनरावांना कुणी काही शिकवू नये असं त्यांचं मत होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी पगारवाढ अडेल म्हणून ते कॉम्प्युटरची परीक्षा पास झाले होते आणि त्याचं प्रमाणपत्र देवघराच्या वर लावलेलं होतं. साखरपुड्याला रोलवाला फोटोग्राफर नको, हे त्यांनीच ठरवलं. शेजारच्या नारायणरावांच्या जावयाचा नवा डिजिटल कॅमेरा होता, त्याने फोटो काढले, कॉम्प्युटरमध्ये टाकले, आणि कॅमेऱ्यातले फोटो पुसून तो पुण्याला निघून गेला. मग आठवडाभर अर्धं गाव फोटो पाहायला येऊ लागलं. चहा होईना, साखर पुरेना, आणि जो तो, वामनराव धरून, पडद्यावर फक्त स्वतःवर बोट टेकवून "हा पाहा मी" म्हणू लागला. तेव्हा वामनरावांनी फोल्डरवर उजवं बटण दाबून 'हा फोल्डर खाजगी करा' अशा अर्थाच्या चौकोनात एक बारीकशी खूण केली. त्या खुणेचा त्यांना त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

त्यानंतर कॉम्प्युटरला व्हायरस झाला. बसस्टँडवरच्या दुकानातला उद्धव येऊन नवीन विंडोज टाकून गेला. त्या दिवशी वामनराव आपण जिवंत आहोत हे बँकेला दाखवायला मेहकरला गेले होते. बँकेने ते मान्य केलं. कॉम्प्युटरने केलं नाही. नव्या विंडोजच्या लेखी जुने वामनराव मेलेले होते, आणि मेलेल्या माणसाचा खाजगी फोल्डर परक्या माणसाने उघडायचा नसतो. पडद्यावर लाल फुली आली. ॲक्सेस इज डिनाइड.

वामनरावांनी पुन्हा दाबलं. पुन्हा डिनाइड. चष्मा पुसून दाबलं. तरी डिनाइड.

"मले?" वामनराव म्हणाले.

साधी गोष्ट नव्हती. उभ्या हयातीत 'परवानगी नाही' हे शब्द वामनरावांनी दुसऱ्यांना ऐकवले होते. कोणत्या माणसाला ते उभ्याने ऐकवायचे, कुणाला बसवून, आणि कुणाला चहा पाजून, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, आपल्याच मुलीचा साखरपुडा पाहायला परवानगी नाही, हे ऐकण्याची सवय त्यांच्या कानांना नव्हती.

नारायणराव धावून आले. ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर, आणि त्यांच्याच जावयाचा कॅमेरा असल्याने त्यांना या प्रकरणात आपला हक्क वाटत होता.

"बंद करून चालू करा," ते म्हणाले.

"केलं."

"मंग चालू करून बंद करा."

तेही झालं. मग नारायणरावांनी पडद्यावरची खालची इंग्रजी ओळ बोट धरून वाचली. "कॉन्टॅक्ट युअर ॲडमिनिस्ट्रेटर. म्हंजे काय?"

वामनराव ताठ झाले. शासनव्यवहाराचा शब्दकोश त्यांना मुखोद्गत होता. "प्रशासकाशी संपर्क साधावा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गावात त्या साली ग्रामपंचायतीची मुदत संपून निवडणूक पुढे गेली होती आणि पंचायतीवर प्रशासक बसला होता. एकच होता. शोधायचीसुद्धा गरज नव्हती.

"पन कॉम्प्युटरले कसं मालूम," नारायणराव म्हणाले, "का आपल्या गावात प्रशासक बसला?"

"शासनानं कळवलं असन. आजकाल सगळं कॉम्प्युटरवरच तर आहे."

आणि वामनरावांनी अर्ज लिहायला घेतला. चिडलेल्या माणसाला अर्जाइतकं समाधान दुसऱ्या कशात मिळत नाही. विषय: 'साखरपुडा या फोल्डरमध्ये प्रवेश मिळणेबाबत.'

पंचायतीत उकंडराव शिपाई होता. त्याने अर्ज उलटा धरून वाचला. "साहेब मंगळवारी येते. बाकीचे दिवस बाकीचे गावं."

मंगळवारी साहेब आले. चार गावांचे प्रशासक असल्यामुळे त्यांना कोणत्याच गावातलं काही ठाऊक नसे, आणि ठाऊक नाही हे कबूल करणं त्यांच्या पदाला शोभण्यासारखं नव्हतं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"सदर फोल्डर कुठं आहे?"

"डी ड्राइव्हमध्ये, साहेब."

"डी ड्राइव्ह गावठाणात येतो काय?"

वामनरावांनी विचार केला. "घरातच आहे. येत असावा."

"घरपट्टी भरलेली?"

"चालू वर्षाची सुद्धा."

"मग अडचण नसावी. अतिक्रमण वगैरे?"

"माझ्यावरच झालेलं आहे," वामनराव म्हणाले.

साहेबांनी अर्जावर शेरा मारला: 'स्थळपाहणी करून नियमानुसार कार्यवाही व्हावी.' स्थळपाहणी त्याच दुपारी झाली, कारण वच्छलाबाईंनी, म्हणजे वामनरावांच्या पत्नीने, भजे तळायला घेतल्याचा वास पंचायतीपर्यंत आला होता. साहेब कॉम्प्युटरसमोर बसले, उकंडराव दाराशी. पंचनामा झाला. तो वामनरावांनीच सांगितला आणि साहेबांनी लिहून घेतला, कारण असल्या कागदांची भाषा दोघांनाही तोंडपाठ होती. 'समक्ष पाहता फोल्डर पिवळ्या रंगाचा असून बंद स्थितीत मिळून आला. चतुःसीमा: पूर्वेस गाणी, पश्चिमेस शैलजा एम. ए. नोट्स, दक्षिणेस कचऱ्याची टोपली, उत्तरेस मोकळी जागा.' पंच म्हणून नारायणराव आणि उकंडरावांनी सह्या केल्या.

"आता उघडन काय?" नारायणरावांनी विचारलं.

"असं कसं उघडन," साहेब भज्याचं ताट पुढे ओढत म्हणाले. "कुणाची हरकत आहे का, हे पाहावं लागेल."

आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली, की वामनरावांना त्यांच्या फोल्डरात प्रवेश देण्यास कुणाची हरकत असल्यास कळवावे.

हरकती आल्या. न येऊन सांगतात कुणाला. पलीकडच्या आळीतल्या जनकाबाईंचं म्हणणं पडलं की फोटोत त्या तिसऱ्यांदा जिलबी घेताना दिसतात आणि डॉक्टरने त्यांना साखर बंद केली आहे, सबब फोल्डर उघडू नये. नारायणराव स्वतः पंच होते, तरी त्यांनी हरकत घेतली. त्यांची भिंत वामनरावांच्या भिंतीला लागून होती, आणि उद्या फोल्डर वाढवला तर कुणी विचारायचं. वामनरावांनी त्यांना तोंडावर विचारलं, "नारायणराव, काऊन हो?" तेव्हा ते म्हणाले, "मनात काही नाही. पन नोटीस लागल्यावर गप्प बसनं बरं दिसत नाही." एका माणसाने रस्त्याच्या नालीबद्दल लिहिलं. आणि ही बातमी एसटीने नांदुऱ्याला पोचली तेव्हा तिकडून हिंमतरावांचाही कागद आला. 'माझी हरकत नाही. परंतु टोपी मिळालेली नाही.'

"हे आता रेकॉर्डला लागलं," वामनराव संतापाने म्हणाले. "माझ्याच प्रकरणात माझ्याच विरुद्ध."

"बाबा," शैलजा म्हणाली, "रविवार येऊन राह्यला."

"प्रकरण प्रक्रियेत आहे."

"लग्नही प्रक्रियेत आहे," ती म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन ती काही वेळ भांडी घासत होती. भांडी आधीच घासलेली होती, हे वामनरावांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

शनिवारी दुपारी तिने बसस्टँडवरून उद्धवला बोलावून आणलं. उद्धवने सगळी हकीकत ऐकली, पंचनामा वाचला, चतुःसीमा दोनदा वाचली आणि खाली पाहत म्हणाला, "काका, तुमी पंचायतीत काऊन गेले? ॲडमिनिस्ट्रेटर घरातच आहे की." आणि त्याने कुठेतरी दाबून पडद्यावर घरातल्या माणसांची पाटी उघडून दाखवली.

वच्छलाबाई. कॉम्प्युटर ॲडमिनिस्ट्रेटर. नावापुढे बुद्धिबळाचे मोहरे.

वामनराव. लिमिटेड. नावापुढे पिवळं बदक.

त्याखाली एक पाहुणा होता. त्याचं खातं बंद होतं. म्हणजे घरात वामनरावांच्या खाली फक्त तो होता.

"लिमिटेड?" वामनराव म्हणाले. "मी? ज्या माणसाच्या सहीशिवाय तालुक्यात सिमेंटची गोणी हलत नव्हती, तो लिमिटेड? आणि हे काय आहे? बदक? कोणत्या नियमानं बदक?"

"ते आपोआप येते, काका," उद्धव म्हणाला. "त्या दिवशी मी विचारलं, मालकाचं नाव काय टाकू. काकू म्हने, माहंच टाक, घरचं सगळं मलेच पाहा लागते. मंग म्हने, यायचंही नाव टाक कुठंतरी, नाहीतर रुसतीन."

वच्छलाबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं सूप थांबलं. "म्हंजे मी प्रशासक आहो काय?"

"हाव, काकू."

"आन हे इतके दिवस त्या भजे खानाऱ्याच्या मागं फिरून राह्यले."

"तुम्ही दुपारी इथं बसून करता काय?" वामनरावांनी विचारलं.

"पत्ते खेळतो. तुमी झोपल्यावर." (वच्छलाबाई माहेरच्या बोलीत स्वतःला 'खेळतो, जातो'च म्हणत, वामनरावांनी ते सुधारायचा प्रयत्न लग्नाच्या पहिल्या वर्षी केला होता आणि दुसऱ्या वर्षी सोडला होता.) त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि कधी नव्हे त्या आवाजात विचारलं, "अर्ज कुठं आहे?"

"कोणता अर्ज?"

"गावच्या प्रशासकाले दिला. घरच्याले नाही देत काय? बरं, तोंडी चालन. पन 'विनंती' म्हना."

वामनरावांनी शैलजाकडे पाहिलं. तिची नजर कॅलेंडरातल्या उद्याच्या रविवारावर होती, आणि तेच त्यांना जड गेलं. त्यांनी देवघरावरच्या प्रमाणपत्राकडे तोंड करून 'विनंती आहे' असं म्हटलं. वच्छलाबाईंनी पदराआडून पासवर्ड टाकला, उद्धवने फोल्डरचा ताबा त्यांच्या नावावर केला, आणि उघडण्याच्या आधी उद्धवला चहा पाजून रवाना करण्यात आलं. घरची गोष्ट घरच्यांनीच पाहायची होती.

मग जे झालं नाही ते असं झालं.

फोटो आला. स्वच्छ होता. मध्यभागी मानाची खुर्ची. खुर्चीच्या मागे वामनराव, छाती पुढे, दोन्ही हातांनी जरीच्या काठाची टोपी एका डोक्यावर ठेवताना. नजर सरळ कॅमेऱ्यात. चेहऱ्यावर असं तेज, की फोटो पेपरात छापावा. टोपीखाली हात जोडून, डोळे मिटून बसला होता तो हिंमतरावांचा कारभारी नावाचा जीपवाला. हिंमतराव त्याला खुर्ची धरून बसायला सांगून उठले असावेत. कारण मागे, मांडवाच्या टोकाला, बादलीपाशी एक भरभक्कम पाठ वाकून हात धूत होती.

पुढच्या फोटोत वामनराव दुपट्टा टाकत होते. नजर कॅमेऱ्यात. त्याच्या पुढच्यात नारळ. नजर कॅमेऱ्यात.

"बाबा," शैलजा हलकेच म्हणाली, "तुम्ही एकदा तरी खाली पाह्यचं होतं."

तेवढ्यात लाईन गेली. काळ्या पडद्यात वामनरावांना स्वतःचाच चेहरा दिसू लागला. त्यांनी बसल्या जागी ठराव मांडला: फोल्डर उघडलेला नाही. वच्छलाबाईंनी अनुमोदन दिलं. शैलजा तटस्थ राहिली, पण ती तटस्थता ठरावाच्या बाजूने धरण्यात आली.

रविवारी जीप आली. हिंमतराव उतरले, आणि त्यांच्या मागून फळांची टोपली घेऊन कारभारी. त्याच्या डोक्यावर ती टोपी होती, जरीच्या काठाची, घडी न मोडलेली. घरातल्या तिघांनी ती पाहिली आणि तिघांनीही फळांकडे पाहिलं.

"ह्या येड्याले काय झालं कोन जाने," हिंमतराव म्हणाले. "महिनाभर टोपी घालून गाडी चालवून राह्यला. कुठून आनली म्हनलं तर सांगत नाही. असो. इवाई, फोटो?"

"मामासाहेब," वामनराव उभे राहिले, "फोल्डर उघडत नाही. प्रशासनानं परवानगी दिली नाही."

वच्छलाबाईंनी डाळीतला खडा निवडावा तशा गंभीरपणे मान हलवली.

"मले मालूमच होतं," हिंमतराव म्हणाले, पण आवाज सरकीचा नव्हता. इतके दिवस मागितलेली गोष्ट मिळणार नाही हे कळल्यावर माणूस थोडा पोरका होतो. तेव्हा वामनराव आत गेले आणि दुसरी टोपी, दुसरा दुपट्टा घेऊन आले. "पूर्वी दिलेली टोपी गृहीत धरून," ते म्हणाले, "आणि आपला हक्क अबाधित ठेवून." आणि या वेळी त्यांनी मान वाकवून, डोकं नीट पाहून, ते कुणाचं आहे याची खात्री करून, टोपी ठेवली. कॅमेरा नव्हता.

हिंमतरावांनी टोपी हाताने चाचपली. "फोटो कोनाले पाह्यजे होता," ते म्हणाले. "मले टोपी पाह्यजे होती. शैलजा, चहा ठेव. मी मागं उभा राह्यतो, तू पुढचं पाहा."

शैलजा आत गेली. या वेळी भांड्यांचा आवाज आला नाही, गुणगुणल्याचा आला.

सगळं इथे संपायला हवं होतं. वामनरावांच्या मते संपलंही होतं. पण हिंमतराव जीपमध्ये बसल्यावर कारभारी पाण्याचा तांब्या परत द्यायच्या निमित्ताने मागे आला. त्याने वाकून वामनरावांच्या पायांना हात लावला.

"बाबूजी, तो फोटो भेटन काय? घरी दाखवाचा होता. इतके लग्नं पाह्यले, आजवर कोनी माह्या डोक्यावर टोपी नोती ठेवली. जीपवाल्याले कोन ठेवते. साहेबाले वाईट वाटन म्हनून मी त्यायले बोललो नाही. तुमीही नका बोलू."

वामनरावांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. "उघडत नाही रे तो," एवढंच ते म्हणाले.

"उघडला म्हंजे द्या मंग," कारभारी म्हणाला. "घाई नाही."

जीप गेली. वामनराव आत येऊन टेबलाशी बसले आणि त्यांनी कागद ओढला. तो अर्ज आजही डाळीच्या डब्याखाली दाबून ठेवलेला आहे. त्यावर प्रशासकांनी अजून शेरा मारलेला नाही.

'प्रति, मा. प्रशासक, घरचा कॉम्प्युटर, मुक्काम स्वयंपाकघर.

विषय: फोल्डर व फोटोबाबत.

महोदया, उपरोक्त विषयी सविनय सादर की, 'साखरपुडा' हा फोल्डर उघडलेला नसल्याने तो कायमचा बंद करण्यात यावा व अर्जदारास त्यात कोणत्याही कारणाने प्रवेश देण्यात येऊ नये. तथापि त्यातील एक फोटो मोठा करून, चौकट लावून, श्री. कारभारी, जीपचालक, नांदुरा यांस देण्यात यावा, व तो दिलेला नाही असे समजण्यात यावे. अर्जदाराच्या नावापुढील बदकाबाबत काही म्हणणे नाही. ते राहू द्यावे. मात्र सदर फोटो देण्यापूर्वी, त्यातील अर्जदाराची कॅमेऱ्याकडे असलेली नजर तेथून काढून श्री. कारभारी यांच्याकडे पूर्वलक्षी प्रभावाने वळवून मिळावी, ही विनंती.'